एक्केचाळीस वेळा

रेकॉर्ड रूमच्या काकांची मुलगी भर दुपारी सर्व्हर रूममध्ये आली, तेव्हा नेटवर्कवाल्या साहेबांनी मान वर करायचेही कष्ट घेतले नाहीत. त्यांच्या लेखी इमारतीत अक्कल असलेला माणूस एकच होता, आणि तो त्यांना रोज आरशात भेटायचा.

"बाबा गेले त्या दिवशी त्यांनी दाराला कार्ड लावलं होतं का, एवढंच सांगा. सगळे म्हणतात, धुरात गोंधळले, दारापर्यंत गेलेच नाहीत."

"मग तसंच असेल. वय झालं होतं काकांचं."

खरं काय ते साहेबांना पक्कं ठाऊक होतं. दारावरचं यंत्र स्वतः काही ठरवत नाही, सर्व्हरला विचारतं. सर्व्हर आधी बघतो, विचारणाऱ्या यंत्राचा पत्ता आपल्या यादीत आहे का, ठरलेला गुप्त शब्द जुळतो का. अनोळखी यंत्राला तो नकारसुद्धा देत नाही, गप्प बसतो. तळघरातल्या रेकॉर्ड रूमचं नवं यंत्र यादीत चढवताना साहेबांनी पत्त्याचा एक आकडा चुकवला. एकदा कार्ड लावून बघा, असं काका दोनदा सांगून गेले होते. फायली उचलणारे आता आपल्याला शिकवणार, म्हणत साहेब चहाला निघून गेले. दार तोवर चुंबकी अडकणीवर उघडंच असायचं. धूर झाला त्या दिवशी गजर होताच अडकण सुटली, दार आपोआप बंद झालं आणि काका आत अडकले. त्यांनी कार्ड लावलं तितक्या वेळा, सर्व्हरच्या नोंदीत एक्केचाळीस ओळी उमटल्या: अनोळखी यंत्र, दुर्लक्ष. साहेबांनी त्या पुसल्या, यंत्र उखडून कपाटात टाकलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसे काकाच वेंधळे ठरले.

"नोंद बघू का?"

"बघा की. तुम्हाला काय कळणार म्हणा." साहेबांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

तेवढ्यात एक ओळ उमटली. पत्ता तळघराचा. अनोळखी यंत्र, दुर्लक्ष. मग दुसरी, तिसरी.

"हे कुठलं दार?"

"कुठलंच नाही..."

जळक्या वायरचा वास येत होता. साहेबांनी कपाट उघडलं. तारा तुटलेलं ते यंत्र तसंच पडलं होतं, आणि त्याचा पिवळा दिवा लुकलुकत होता. हात लावला तर गरम.

मागे ती हळू आवाजात मोजत होती. "चाळीस... एक्केचाळीस."

पुढची ओळ वेगळी होती. ओळख पटली. कार्ड काकांचं. प्रवेश दिला.

"म्हणजे लावलं होतं," ती म्हणाली. तिने डोळे पुसले, पाहुण्यांचं कार्ड दाराला लावलं आणि बाहेर पडली. दार मिटलं.

साहेब धावले. कार्ड लावलं. पिवळा दिवा, उत्तर नाही. पडद्यावर याच दाराचा पत्ता उमटला: अनोळखी यंत्र, दुर्लक्ष.

"उघडा... बाहेरून उघडा जरा," साहेब म्हणाले. जन्मात पहिल्यांदाच ते कुणाला विनवत होते.

दाराच्या काचेपलीकडे ती थांबली होती. तिची नजर साहेबांवर नव्हती, त्यांच्या खांद्यामागे होती.

"बाबा...?" तिचे ओठ हलले.

साहेबांनी मागे वळून पाहिलं नाही. त्यांनी पुन्हा कार्ड लावलं.