मांडवातला सूर

मी कानांचा डॉक्टर. कुणाला काय ऐकू येतं आणि काय येत नाही, हे सांगण्यात माझी हयात गेली. त्यामुळे मी बेसूर गातो, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती. तरी बायको सांगायचीच. ती गाणं शिकवते. माझ्या गुणगुणण्यानं तिचे विद्यार्थी बिघडतात, असं तिचं ठाम मत होतं, आणि ते खोटं नव्हतं. मी अंघोळसुद्धा मुकाट करत असे.

यंदा तिनं बागेत लाकडी मांडव बांधून घेतला. जाडजूड खांब, वर कौलं, मागच्या बाजूला जाळी आणि समोरासमोर दोन बाक. वेल चढले की शिकवण्या तिथंच घ्यायच्या, असा बेत. लग्नानंतर पुन्हा मांडवात बसायचा योग आला म्हणायचा, असं मी म्हणालो. ती हसली नाही.

एका सकाळी ती बाजारात गेली आहे असं बघून मी मांडवातल्या कुंड्यांना पाणी घालत मनसोक्त गात होतो. मान वर केली तर ती पिशव्या घेऊन फाटकात उभी. मी ओशाळून गप्प झालो.

"बंद का केलास रेडिओ?" तिनं विचारलं. "कोण गात होतं?"

मी पुन्हा गायलो. तिनं पिशव्या हळूच खाली ठेवल्या. मग मी मांडवाबाहेर येऊन तीच ओळ म्हटली, तर कुंपणावरच्या चिमण्या उडून गेल्या. आत गेलो. सूर जागेवर.

छपराखाली आवाज घुमतो आणि भरदार वाटतो, हे मी तिला शास्त्रशुद्ध समजावून दिलं. घुमल्यामुळे बेसूर सुरेल होत नाही, एवढं मात्र सांगायचं टाळलं. कारण ती माझ्याकडे बघत होती, आणि तसं तिनं लग्नानंतर कधी बघितलं नव्हतं. त्या दिवसापासून संध्याकाळचा चहा मांडवात होऊ लागला. ती मांडीवर ताल धरायची, मी गायचो. मेहुणा मुद्दाम ऐकायला आला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला की सगळं झकास, पण जोडीला गाणाऱ्या त्या गृहस्थांशी ओळख तेवढी करून दिली नाहीत.

मी ते हसण्यावारी नेलं. पण पेशाची खोड कुठे जाते? मोबाइलवर गाणं रेकॉर्ड करून घेतलं आणि दवाखान्यात हेडफोन लावून ऐकलं. आवाज माझाच होता. गाणं सुरेख होतं.

फक्त मी जिथं श्वास घ्यायला थांबलो होतो, तिथं गाणं थांबलं नव्हतं.

थोडे दिवस मांडवात बसायला नको, असं मी बायकोला सुचवून पाहिलं. आत्ता कुठे तुला कंठ फुटलाय आणि तुझी नाटकं सुरू झाली, असं ती म्हणाली. खरं सांगायचं तर कौतुक मलाही सोडवत नव्हतं. मी गात राहिलो.

मग माझा घसा बसला. इतका, की दवाखान्यात पेशंटशी खाणाखुणांनी बोलायची वेळ आली. बहिऱ्यांना ते सोयीचं पडलं, बाकीचे वैतागले. शेवटी दुपारीच दवाखाना बंद करून घरी आलो.

फाटकाशी पोचलो आणि मला मी ऐकू आलो.

रेकॉर्डिंग लावलं असेल, असं वाटलं. पण मोबाइल माझ्या खिशात होता.

बायको बाकावर बसून ताल धरत होती. समोरचा बाक खांबाआड होता.

"हं, आता बरोबर," ती त्या बाजूला बघून म्हणाली. "सांगितलं की ऐकता हो तुम्ही."

मला ती सदैव अरे-तुरेच करत आली आहे.

फाटक वाजलं. तिनं वळून पाहिलं. ओळखीचं नव्हे, अदबीचं हसली.

"आमचे हे गाताहेत," ती म्हणाली. "आपलं काही काम होतं का?"

मी तोंड उघडलं. घशातून नुसती हवा आली.

"उद्या या म्हणावं," मांडवातून माझा आवाज म्हणाला.