जिन्याच्या कठड्यावरची गोधडी

“ती गोधडी... माझी होती.”

तनुजा जिन्यात थबकली. हातात नवा कोरा स्टीलचा डबा, केसांत जळमटं आणि समोर वरच्या खोलीतला भाडेकरू सुजित. दोन वर्षांत तो तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होता.

पाडवा तोंडावर आला होता. थेरगावातल्या त्या घरात सकाळपासून साफसफाईची धांदल होती. जिन्यात साठवलेले जुने कपडे तनुजानं नुकतेच बोहारणीला देऊन बदल्यात डबा घेतला होता. गच्चीवरच्या दोऱ्या तिच्याच घरच्या चादरींनी अडवल्या होत्या, म्हणून सुजितनं आपली धुतलेली गोधडी जिन्याच्या कठड्यावर वाळत टाकली होती. कपड्यांबरोबर तीही गेली.

“मला वाटलं, जुनीच आहे...”

“जुनीच आहे. आईच्या साड्यांची. तिनं शिवलेली शेवटची.”

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो नुसता रिकाम्या कठड्याकडे बघत राहिला.

“गाडी काढा,” ती म्हणाली. “बोहारीण लांब गेली नसेल.”

“तुम्ही... येणार?”

“दिली मी. आणि आणायला तुम्ही एकटे जाणार होय?”

ऊन कडक होतं, पण वारा होता. बाइकवर मागे बसलेल्या तनुजाची ओढणी उडून त्याच्या खांद्यावर येई. त्यानं ती बाजूला केली नाही. तिनंही ओढून घेतली नाही.

डांगे चौकाच्या अलीकडे, करंजाच्या सावलीत रतनबाई बोहारीण गाठोडं सोडून बसली होती.

“मावशी, तेवढी गोधडी परत द्या ना. हा तुमचा डबा.”

“झालेला सौदा मोडत न्हाईत, पोरी.”

“चूक माझी झाली. हवं तर वर ही ओढणी घ्या. नवी आहे.”

रतनबाईनं गोधडीवरून बोट फिरवलं. “टाका लई बारीक हाय. कुनी शिवली?”

“आईनं,” सुजित म्हणाला. “ती आता नाही.”

रतनबाईनं गोधडी नीट घडी करून त्याच्या हातांवर ठेवली. डबा मात्र ओढून घेतला. “धंदा हाय, बाबा.” मग हसत म्हणाली, “ही तुझी बहीन का?”

“नाही!”

दोघंही एकदम बोलले. जरा जास्तच जोरात.

गाडीपाशी येऊन तो तसाच उभा राहिला. “तुमचे आभार कसे मानू, कळत नाही.”

“घालवली मीच, आणि आभार?”

“लातूर सोडल्यापासून माझ्यासाठी असं कुणी धावलं नव्हतं. चाकणची कंपनी, शिफ्ट, झोप... एवढंच चाललंय.”

“मग इतके दिवस बोललात का नाही? माझ्या बहिणीशी तर गप्पा मारता!”

“त्यांना ताई म्हणतो. तुमच्या आईंना काकू. तुम्हाला—”

“मला काय?”

“काय म्हणावं ते ठरेना. ताई म्हणवेना... म्हणून बोललोच नाही.”

तनुजा लाजली की हसली, नक्की सांगता येत नाही, बहुधा दोन्ही.

“तनुजा म्हणा,” ती म्हणाली. “पाडव्याला जेवायला या आणि आईसमोरही तसंच म्हणा. जमेल?”

“आधी इथं जमतंय का बघतो.”

आणि तो म्हणाला... इतक्या हळू, की शेजारून गेलेल्या बसच्या आवाजात ते विरून गेलं आणि तिनं त्याला पुन्हा म्हणायला लावलं.