बोटांवरचे घट्टे

त्या दुपारी मी नुसती केबल बदलून घ्यायला गेले होते. हे आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून लोक म्हणतात, तू मुळातच घाबरलेली असशील. असेनही. दारावरची बेल वाजली तरी मी दचकते, हातातून चमचा पडला तरी दचकते. आई मला लहानपणापासून भित्री भागूबाई म्हणते. पण त्या दुपारी मी घाबरलेली नव्हते. ऊन होतं, सुट्टी होती आणि पाठीवर माझी बेस गिटार होती. ती पाठीवर असली की मला कशाचंच काही वाटायचं नाही.

बेस म्हणजे चार जाड तारांची, खर्जात बोलणारी गिटार. ही माझ्यापेक्षा वयाने सतरा वर्षांनी मोठी. रंग मूळचा लालसर तपकिरी, पण जिथे वाजवणाऱ्याचं उजवं मनगट टेकतं तिथला उडून आतलं लाकूड उघडं पडलेलं; हात लावला तर साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत लागायचं. वास जुन्या कपाटाचा, पितळेचा आणि किंचित तंबाखूचा. मी तंबाखूला शिवत नाही. सरही कधी शिवले नाहीत.

सर म्हणजे मला बेस शिकवणारे. कॉलेजात असताना चार वर्षं मी त्यांच्याकडे जायचे. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी ते स्वतः तिला घेऊन आमच्याकडे आले, कोचावर ठेवली, ‘आता ही तुझी’ एवढंच म्हणाले आणि चहाही न घेता गेले. मला रडू आवरेना. पंधरा दिवसांनी त्यांना झटका आला आणि डावी बाजू गेली. पाय हळूहळू सुधारला, हात मात्र तसाच राहिला. सगळे म्हणाले, बघ, त्यांना जणू आधीच कळलं होतं. मीही तेच म्हणायचे.

आणि मी वाजवायला लागले... काय सांगू तुम्हाला. आधी मी बरी वाजवायचे, म्हणजे चुका कमी करायचे. ही हातात आल्यावर सगळं सुटत गेलं. डावा हात तिच्या मानेवर टेकवला की बोटं आपली आपण जागा धरायची. आमच्या बँडच्या ड्रमरला आम्ही ढोल्या म्हणतो. कौतुक त्याच्या तोंडून पक्कडीने ओढून काढावं लागतं, पण तोही म्हणाला की तुझ्या डाव्या हाताचा विमा उतरवून ठेव. दिवसभर मी कानाच्या दवाखान्यात लोकांची श्रवणचाचणी घेते. मोठ्या मॅडमनी आवाज चढवला तर माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. स्टेजवर मात्र मी पाय रोवून उभी राहायचे. अख्ख्या आयुष्यात तेवढी एक जागा माझी होती.

तर केबल. बेस अ‍ॅम्पला जोडली की आवाज मोठा करणाऱ्या त्या खोक्यातून हल्ली एकसारखी गुणगुण यायची. दुरुस्तीवाल्या काकांनी तिला टेबलावर आडवी घेतली, जोडली आणि म्हणाले, ऐक. गुणगुण सुरू झाली. त्यांनी तारांवर तळवा ठेवला; गुणगुण थांबली. उचलला, पुन्हा सुरू.

“केबल बदलून देतो, पण दोष तिचा नाही,” काका म्हणाले. “जुनी वाद्यं अशीच. माणसाचा हात तारेवर आला की गप्प, उचलला की भोकाड. तान्ह्या पोरासारखं.”

मग तिला माझ्या हातात देताना त्यांचं लक्ष माझ्या बोटांकडे गेलं. त्यांनी चष्मा वर सरकवला. किती वर्षं वाजवतेस म्हणालीस? मी म्हटलं, सहा. ते हसले. म्हणाले, सहा वर्षं या जाड तारा दाबणाऱ्याच्या बोटांना घट्टे पडतात, तुझी बोटं तर लोण्यासारखी आहेत, मलई कुठली लावतेस ते माझ्या बायकोला सांग. मीही हसले. पण घरी येईपर्यंत अंगठ्याने बोटांची टोकं चाचपत होते. सरांकडे शिकताना, उसनी बेस वाजवायचे तेव्हा, मला घट्टे होते. चांगले टणक होते. ते कधी गेले ते मला आठवेना.

त्याच संध्याकाळी पहिल्यांदा झालं.

नवी केबल लावून मी बेस स्टँडवर उभी केली, अ‍ॅम्प चालूच ठेवला आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले. भिंतीपलीकडून गुणगुण येत होती. आई म्हणाली, तुझं ते भुणभुणं बंद करून ये बाई, डोकं उठलं. मी गॅस बारीक करून वळले, आणि गुणगुण थांबली.

“ऐकते की माझं,” आई म्हणाली.

मला वाटलं वीज गेली. पण डोक्यावरचा दिवा चालू होता. मी खोलीच्या दारापर्यंत गेले. अ‍ॅम्पचा लाल दिवा लागलेला. बेस स्टँडवर जशी ठेवली तशी. खोलीत कोणी नाही. आणि त्या शांततेत एक बारीक आवाज... टक्... टक्... हा आवाज मला झोपेतही ओळखता येईल. तार छेडली नाही, नुसती बोटाने दाबली, की ती मानेवरच्या पितळी पट्टीला टेकते. त्या पट्ट्यांना आम्ही पडदे म्हणतो. कोणीतरी एकेक पडदा दाबत वर जात होतं, न वाजवता.

“आई...” मी कुजबुजले. टकटक थांबली. गुणगुण पुन्हा सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी दवाखान्याच्या त्या बंद, गादी लावलेल्या खोलीत बसून स्वतःचेच कान तपासले. दोनदा. काही दोष निघाला नाही. निघाला असता तर किती बरं झालं असतं.

पुढच्या रविवारी सकाळी ढोल्याच्या गॅरेजमध्ये सराव होता. दार सताड उघडं, लख्ख ऊन आत आलेलं. वाजवता वाजवता माझ्या नाकावर माशी बसली. मी डावा हात उचलून ती उडवली, ती परत आली, मी परत उडवली. उजवा हात ताल सोडत नव्हता. मग माझ्या लक्षात आलं, की सूर बदलतायत. जिथे चढायचे तिथे चढत होते, जिथे उतरायचे तिथे उतरत होते, एकही चूक नाही. आणि माझा डावा हात माझ्या नाकासमोर, हवेत होता.

ढोल्या वाजवायचा थांबला. मला वाटलं त्यालाही दिसलं आणि आता तो ओरडेल. तर तो म्हणाला, “ए, ही काय ट्रिक? परत कर.”

मी हात खाली आणला. तिसरी तार आधीच दाबलेली होती. माझं बोट तारेपर्यंत पोचलंच नाही... मधे काहीतरी होतं. गार, राठ, बोटाएवढ्याच रुंदीचं.

डोकं दुखतंय सांगून मी घरी आले. बेस पेटीत घातली, पेटी कपाटात, कपाटाला कुलूप. भीती मला नवी नाही हो. भीतीबरोबर कसं राहायचं ते मला जमतं. पण त्या दिवसापासून मला तिच्याकडे बघवेना, ते भीतीने नाही. आजवर ज्या टाळ्या मी छाती फुगवून घेतल्या, त्या कोणासाठी होत्या? माझी म्हणून जी एक जागा होती, तिथे मी होतेच कुठे? जिच्यासाठी मी परगावचं ट्रेनिंग सोडून परत आले होते, जिला मऊ फडक्याशिवाय पुसत नव्हते, तिच्या कपाटासमोरून जाताना मी तोंड फिरवायचे. रात्रंदिवस एकच: ही घरातून कधी जाईल.

गिऱ्हाईक चटकन मिळालं. दातांचे एक डॉक्टर, जुनी वाद्यं गोळा करायचा नाद असलेले. त्यांनी आधीच सांगून टाकलं की मला वाजवता येत नाही, दोन वर्षं क्लास लावून शिक्षकच पळाले. शनिवारी संध्याकाळी सहाला येतो म्हणाले. फक्त सरांना सांगायचं राहिलं होतं. न सांगता विकणं माझ्याच्याने होईना. म्हणून शनिवारी चारला मी त्यांच्याकडे गेले.

सर बहिणीजवळ राहतात. आम्ही सगळे त्यांना ताईच म्हणतो. मी गेले तेव्हा ताई त्यांच्या डाव्या हाताला तेल चोळत होत्या आणि नेहमीप्रमाणे कुरकुरत होत्या. हात दोन वर्षं काडी उचलत नाही, तळवा बघ कसा बाळासारखा झालाय, आणि बोटांची टोकं मेली राठ ती राठच. वाटीभर तेल जिरवलं.

मी वाकून पाहिलं. चारही बोटांवर जाड, पिवळट घट्टे होते. त्यांवर जाड तारेचे आडवे वळ होते, ताजे, लालसर.

ताई वाटी घेऊन आत गेल्या. सर छताकडे बघत होते. जीभ अजून थोडी जड आहे त्यांची, पण शब्द कळतात.

“मन उडालं ना तिच्यावरून?” ते म्हणाले.

मी काहीच सांगितलं नव्हतं. नुसती मान हलवली.

“माझंही उडालं होतं. तुला वाटलं मी मोठ्या मनाने दिली...” ते थांबले. “तुझी बोटं दाखव.”

मी डावा हात पुढे केला. त्यांनी उजव्या हाताने माझी बोटं एकेक करून चाचपली आणि डोळे मिटून घेतले.

मग त्यांनी तुटक तुटक सांगितलं. ज्याच्याकडून त्यांनी बेस घेतली तो तंबाखू ओढणारा, उमदा माणूस होता. पेटी त्याने एका हाताने उघडली, कड्या एका हाताने लावल्या. डावा हात कोटाच्या खिशातून शेवटपर्यंत काढला नाही. सरांना ते तेव्हाच खटकलं होतं, पण विचारलं नाही, कारण तिच्यावर जीव जडला होता आणि घाई झाली होती. मग बावीस वर्षं वाजवली. लोक म्हणायचे, काय डावा हात आहे.

“मला माहीत नव्हतं,” सर म्हणाले. “तुला देताना... थोडंसं माहीत होतं. देऊ नकोस कोणाला. तू तरी... देऊ नकोस.”

पाच वाजत आले होते. मी जिन्यातूनच आईला फोन लावला. फोन वाजत राहिला. आईचा फोन कायम आतल्या खोलीत चार्जिंगला असतो आणि आई कायम बाहेरच्या खोलीत. मी रिक्षा केली, सिग्नलला उतरून पळत सुटले.

आई दारातच होती, खूश. म्हणाली, तुझे दातांचे डॉक्टर लवकर आले, फार सज्जन माणूस, मीच कपाट उघडून धूड काढून दिलं. तुझाच जीव कासावीस झाला असता देताना, म्हटलं तू यायच्या आत जाऊ दे.

मी फोन केला. डॉक्टर म्हणाले, छे छे, आता परत कशी देऊ, घरी आल्यापासून वाजवतोय.

सोमवारी ताईंचा फोन आला. त्या रडत होत्या. सरांच्या डाव्या हाताचं बोट हललं होतं. आणि गंमत बघ म्हणाल्या, बोटांवरची ती राठ साल आपोआप सुटून आली, खालची कातडी गुलाबी, नवी. मी म्हटलं, किती छान. खरंच छान वाटलं मला. तेवढ्यापुरतं.

याला आता तीन आठवडे झाले. माझ्या हाताला काही झालेलं नाही. मी दर थोड्या वेळाने मूठ उघडून मिटून बघते, चाचणी घेताना, रस्त्याने चालताना, अंथरुणात. उघडते, मिटते. मॅडम विचारतात हाताला काय झालं, मी म्हणते काही नाही, सवय.

काल संध्याकाळी सात वाजून गेल्यावर मी आणि आई मटार सोलत बसलो होतो, शेजारी दाणे धुवायला पाण्याचं पातेलं भरून ठेवलेलं. टीव्ही बंद, पंखा बंद, बाहेर कुत्रंही भुंकत नव्हतं. आणि एकदम माझा डावा हात उडाला. मी नव्हते दचकले. नुसता हात. भांडं उलटं होऊन दाणे घरभर झाले.

“काय गं भागूबाई,” आई म्हणाली. “कशाला दचकलीस? वाजलं तरी काय?”

काहीच वाजलं नव्हतं. मी दाणे गोळा करायला वाकले तेवढ्यात फोन आला. दातांचे डॉक्टर. आवाजात आनंद मावत नव्हता. दवाखाना बंद करून रोज सातला बसतो म्हणाले, आणि काय सांगू, बोटं आपली आपण जागा धरतात, दुखतसुद्धा नाहीत. फक्त एक बारीकशी तक्रार आहे.

“आत्ताच माझ्या कोपराने अवजारांचा ट्रे पडला. तर ही... हसू नका हं... ही दचकली. सूर एकदम पडदाभर वर उडाला. परवा बेल वाजली तेव्हाही तसंच. तुमच्याकडे असताना व्हायचं का असं?”

“नाही,” मी म्हटलं. “माझ्याकडे असताना नाही. सर कधीच दचकायचे नाहीत.”

ते काहीतरी विचारत होते, पण मी फोन ठेवला. आई माझ्या मनगटाकडे बोट दाखवत होती. म्हणाली, अगं हात काढ, केव्हाची त्या पाण्याच्या पातेल्यात बुडवून बसलीयस, थंडगार असेल ते. मी बघितलं. डावा हात मनगटापर्यंत पाण्यात होता, आणि पाण्याखाली चारही बोटं सावकाश, एकामागून एक, वाकत होती.

मला पाणी लागत नव्हतं. तार लागत होती.