सांत आनाच्या दगडांचे घर

शिरसकोटाच्या पूर्वतटावर तांबडे फुटले, तेव्हा बुरुजावरचे भगवे निशाण खाडीच्या वाऱ्यावर फडफडत होते. अठरा दिवसांपूर्वी त्याच काठीवर फिरंग्याचे निशाण होते. आता किल्ला पडला होता, फिरंगी कप्तान तह करून गलबतात बसून निघून गेला होता, आणि किल्ल्याच्या पायथ्याशी मोरवे गावात, जिथे चार पिढ्या सांत आनाचे देऊळ उभे होते – त्या किनाऱ्यावरचे किरिस्ताव आपल्या चर्चला देऊळच म्हणत – तिथे नुसता दगडांचा ढीग पडला होता.

आणि ते पाडले कोणी? मराठ्यांनी? छे! मराठ्यांची पहिली तोफ खाडी उतरायच्या आधीच, गनीम देवळाच्या आडोशाने मोर्चे लावील या धास्तीने, त्या कप्तानानेच ऐन आईतवारी सुरुंग लावून ते उडवले. ज्याने गावाला गुडघे टेकायला शिकवले, त्यानेच गावाची गुडघे टेकायची जागा उडवली. पाद्री तर चांदीचे दिवे पेटीत भरून कप्तानाच्याच गलबतात चढला आणि मेल्याने मागे वळूनसुद्धा पाहिले नाही.

पासकू तुस्कान गवंडी त्या ढिगावर बसून होता. साठी उलटलेला, रागीट, तोंडाचा फटकळ माणूस. त्याच्या पणजाने हे देऊळ बांधले होते आणि त्याची बायको रेजिना याच देवळाच्या फरशीखाली, बाप्तिस्म्याच्या कुंडाशेजारी पुरलेली होती. ढीग उपसून त्याने तिची शिळा मोकळी केली होती. शिळेला तडासुद्धा गेला नव्हता.

उन्हे वर आली तेव्हा किल्ल्याचा नवा हवालदार बाळोजी निंबरे घोड्यावरून आला. मागे नाईक सुभानजी आणि दहा प्यादे.

"गवंड्या," हवालदार म्हणाला, "उत्तरेचा बुरूज तोफांनी ढासळला आहे. हे दगड किल्ल्याच्या कामी लागतील. फरशीही उखडा. चौथ्या दिवशी गाडे येतील. वाहायला गावाने वेठीस यावे."

"हवालदारजी, फरशीखाली आमची माणसे आहेत."

"मेलेल्यांना फरशीची काय गरज?"

पासकूची कानशिले तापली. "किल्ला घेणाऱ्या सरदारांनी आम्हास अभयाचा कौलनामा दिला आहे. ज्या घरी चूल पेटते, त्या घराचा दगड वा वासा सरकारी कामास नेऊ नये, असे त्यात लिहिले आहे. बेलभंडार उचलून दिलेला शब्द आहे तो!"

बाळोजी खो खो हसला. "घर म्हटले आहे, गवंड्या. या उकिरड्यात कोणाची चूल पेटते, दाखव बरे!" असे म्हणून त्याने घोडा वळवला.

पासकू तरातरा गावात गेला आणि त्याने विहिरीपाशी माणसे जमवली. "चार दिवसांत तिथे घर उभे करायचे. पाद्रीचे घर."

"पाद्री कुठाय?" म्हातारा दुमिंग कुरकुरला. "तो पळाला, आणि त्याच्या घरासाठी आम्ही तलवारी अंगावर घ्यायच्या? डोके फिरलेय तुझे, पासकू."

"पळाला तर पळाला! देऊळ काय त्याच्या बापाने बांधले होते?"

कोणी हलेना. तेव्हा पासकूने दुमिंगचा दंड धरला आणि ओढतच त्याला ढिगापाशी नेले. जुन्या काळी देवळासाठी घराघराने दगड दिला होता, आणि पासकूच्या पणजाने प्रत्येक दगडाच्या पाठीवर, भिंतीत दडणाऱ्या बाजूला, त्या त्या घराची खूण कोरली होती. चार पिढ्या त्या खुणा कोणाच्या दृष्टीस पडल्या नव्हत्या. सुरुंगाने दगड उलटे पडले आणि खुणा वर आल्या. पासकूने एका दगडावरची धूळ पंजाने पुसली. खाली नांगराचा फाळ कोरलेला होता.

"कोणाची ही?"

दुमिंगने आपल्या घराची ती खूण ओळखली. तो खाली वाकला आणि आपल्या पणजाने दिलेला तो दगड उचलू लागला. मागून आलेले लोक ढिगात आपापली खूण शोधू लागले. कोणाची होडी, कोणाची ताडी काढायची कोयती, कोणाचा मासा. हे सगळे त्या हलकट कप्तानाने उडवले होते, आणि हा दुसरा उचलून न्यायला निघाला होता! दुपारपर्यंत बायकांनीही पदर खोचले होते.

चुना भिजवायला सवड नव्हती. चिखलातच थर बसवले. चौथ्या दिवशी सकाळी भिंती छातीएवढ्या झाल्या, वर ताडाच्या झावळ्या पडल्या, आणि पासकूने स्वतःच्या घरची चूल विझवून तिचे निखारे मडक्यातून इथे आणले. वेदीच्या शिळेचे तीन तुकडे मांडून, रेजिनाच्या शिळेपासून हातभर अंतरावर, त्याने चूल केली आणि भात चढवला.

गाडे आले. हवालदाराने धूर पाहिला आणि तो लालबुंद झाला.

"ही लबाडी कोणाशी करतोस?"

"लबाडी कसली, हवालदारजी? मी इथे राहतो. माझी बायको इथे आहे."

"सुभानजी! लाथेने ती चूल उधळ!"

सुभानजी नाईक पुढे झाला. भात रटरटत होता. त्याने एकवार मडक्याकडे पाहिले आणि तो जागच्या जागी थांबला.

"शिजत्या अन्नाला लाथ मारायला मला माझ्या आईने शिकवले नाही, हवालदारजी. आणि सरदारांनी उचललेला बेलभंडार मी मोडणार नाही. माझी मान उडवा हवी तर."

एकही प्यादा पुढे येईना. बाळोजी घोड्यावरून उतरला आणि स्वतः चुलीकडे धावला. पासकूने मडक्यावर उजवा हात आडवा धरला. "मारा! आधी माझ्यावर मारा!"

तलवारीची मूठ त्या हातावर दोनदा पडली. हाडे मोडल्याचा आवाज साऱ्यांनी ऐकला, पण हात हलला नाही. हवालदार तिसऱ्यांदा मूठ उगारणार तोच आपलेच प्यादे आपल्याकडे कसे पाहताहेत हे त्याच्या ध्यानी आले. बाहेर पडलेला चुरा गाड्यांत भरून तो शिव्या देत निघून गेला.

पासकूच्या त्या हातात पुन्हा थापी कधी बसली नाही. त्या खोलीत मात्र गाव दर आईतवारी पाद्रीवाचून जपमाळ म्हणत राहिले आणि चूल एक दिवस विझली नाही.

अकरा वर्षांनी गोव्याहून नवा पाद्री आला. तरुण, उत्साही. घर पाहून त्याने नाक मुरडले.

"देवळाची परवानगी आणली आहे सरकारातून. हे खोपट उतरवू आणि याच दगडांनी देऊळ उभारू. चार गडी पुरतील."

चुलीपाशी बसलेला म्हातारा पासकू उठला. अकरा वर्षांचा संताप त्याच्या तोंडून बाहेर पडला.

"पाद्रीबाबा, एकाने सुरुंग लावला. एक दिवे घेऊन पळाला. एकाने माझा हात मोडला. आता तुमची पाळी का?" वाकड्या बोटांनी त्याने मडक्यावरचे झाकण काढले. "देऊळ खुशाल बांधा. दगड डोंगरातून आणा. इथे चूल पेटलेली आहे, आणि तुम्हाला राहायचे ते इथेच. बसा, भात झालाय. जेवा, आणि मग सांगा यातला कोणाचा दगड काढायचा ते."

पाद्रीने पायांखालची शिळा पाहिली, तिच्यावरचे रेजिनाचे नाव वाचले. मग त्याने पायताण दाराबाहेर काढले आणि तो पानावर बसला.