तो रोबॉट घेऊ नगा

“तो रोबॉट घेऊ नगा.”

नजमुन्निसा, घरच्यांची नजमा, इतकी दचकली, की काचेवर टेकवलेला हात तिने चटका बसल्यासारखा मागे घेतला.

पिंपरी कॅम्पातल्या त्या दुकानात परदेशी घड्याळं होती, टेपरेकॉर्डर होते, बाहुल्या होत्या. पण ती बघत होती फक्त त्या रोबॉटकडे. चंदेरी अंग, चौकोनी डोकं, छातीवर लाल-हिरवे दिवे… कितीतरी वेळ ती बाहेरच उभी होती. आत जायचा धीर होत नव्हता. आणि आता हा आवाज, अगदी हळू, अगदी कानाजवळून.

दाराशी रेडिओ दुरुस्तीचं छोटं टेबल होतं. त्यामागे एक सावळा तरुण बसला होता. हातात स्क्रूड्रायव्हर, डोळ्यांत हसू.

“तुम्ही दुकानातलेच ना?” तिने विचारलं.

“व्हय. बरकत माझं नाव. चाकनचा.”

“मग गिऱ्हाइकाला नको कशाला म्हणता?”

“शेठ जेवायला गेल्यात, म्हनून म्हनतो,” तो म्हणाला. “या आत. चालवून दावतो.”

त्याने रोबॉट फरशीवर ठेवला. रोबॉटच्या पाठीतून एक तार निघाली होती, तारेच्या टोकाला बटणांची डबी. बरकतने बटण दाबलं. लाल डोळे पेटले, आणि घर्र-घर्र करत तो चालू लागला — थेट तिच्याच दिशेने. नजमा नकळत मागे सरली. पण दारातल्या पायपुसण्याशी येताच रोबॉट अडखळला आणि तोंडावर आपटला. पडल्या पडल्याही पाय हलवतच राहिला.

तिला हसू फुटलं. कितीतरी दिवसांनी.

“बघितलंत? जरा उंचसखल आलं की ह्यो पडला. आन् सेल तर नुसता गिळतो. चार दिसांत पोरं कंटाळत्यात, मग येतो माझ्या टेबलावर.” त्याने रोबॉट उचलला. “कुनासाठी पायजे?”

“माझ्या मुलीसाठी.”

स्क्रूड्रायव्हर खण्णकन खाली पडला.

“म्हणजे… बहिणीची मुलगी,” ती घाईने म्हणाली. “पण माझीच.”

तो स्क्रूड्रायव्हर उचलायला वाकला आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिला. वर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद लपत नव्हता. तो आनंद नजमाला दिसला, आपल्याला आवडलाही… आणि ते कळताच ती घाबरली. ती झपाझप बाहेर पडली.

तिला घाबरायला कारण होतं.

तिची थोरली बहीण रोशनबी तापाने गेली, तेव्हा तिची रहिमा दुडुदुडु चालत होती. रोशनबीचा नवरा कादर कुवेतला होता. त्याने पैसे पाठवले, कॅसेटवर आवाज भरून पाठवला, पण येणं काही जमलं नाही. रहिमा खराळवाडीच्या त्या दोन खोल्यांत वाढली. नजमाच्या कुशीत निजायची, तिच्या ओढणीला धरून चालायची, मावशी म्हणून तिला ‘खाला’ म्हणायची. भोसरीच्या कारखान्यात दिवसभर तारेची वेटोळी गुंडाळून नजमा परत यायची, तेव्हा ती पोर दारातच बसलेली असायची.

आणि आता निरोप आला होता. कादर येतोय. पोरीला घेऊन जायला.

“एकच उपाय आहे,” अम्मी रोज म्हणायची. “तूच कादरशी निकाह कर. पोरगी घरात राहील, तुझंही घर होईल.”

दुल्हाभाईंशी? ज्यांच्या वाटीत ती लहानपणी लाजत लाजत शिरखुर्मा वाढायची, त्यांच्याशी? नजमाला रात्र रात्र झोप लागत नव्हती. हो म्हणावं तर जीव गुदमरत होता. नाही म्हणावं तर रहिमा जात होती.

पुढच्या आठवड्यात ती पुन्हा दुकानाशी आली. काचेमागची जागा रिकामी! तिचा चेहराच उतरला.

“इकला न्हाई,” बरकत चटकन म्हणाला. टेबलाखालून त्याने फडक्यात गुंडाळलेला रोबॉट काढला. “लपवून ठिवलाय.”

“घेऊ नका म्हणता आणि लपवूनही ठेवता?”

“दुसऱ्या कुनी नेला असता… तर तुमी परत कशाला आला असता?”

ती लाजली. मग मात्र तिचे डोळे भरून आले. कोण कुठला हा माणूस, पण त्याच्यापाशी तिने सगळं सांगून टाकलं — आपलं नाव, घर, कादरचं येणं, अम्मीचा हट्ट, सगळं.

“ते परदेशातनं खेळणी आणतील,” ती म्हणाली. “रहिमाला हा लोखंडी माणूस हवाय. झोपेतसुद्धा बडबडते. हा आधीच घरात असला, तर ती त्यांच्या खेळण्यांना भुलणार नाही. जायचं नाही म्हणेल… म्हणेल ना?”

बरकतने रोबॉट पुन्हा फडक्यात गुंडाळला. बाहेर टांगेवाला ओरडत होता, कुठल्याशा कंपनीचा भोंगा वाजत होता.

“नजमाबी,” तो हळूच म्हणाला, “पोरगं खेळन्यापायी राहत न्हाई, आन् खेळन्यापायी जात बी न्हाई.”

“मग मी काय करू?” तिचा आवाज चिरकला. “नुसती बघत बसू?”

 त्याचा चेहराही तिच्यासारखाच पांढरा पडला होता. त्याला कसली एवढी भीती वाटत होती? तिने विचारलं नाही. उत्तर तिला ठाऊक होतं, आणि म्हणूनच विचारायची छाती झाली नाही.

“असं करू,” तो शेवटी म्हणाला. “शेठला सांगून एक दिस घरी आनतो. पोरीला चालवू दे. रमली तर घ्या, न्हाई तर परत नेतो. गुरुवारी येऊ?”

गुरुवारी कारखान्यांची वीज बंद, म्हणून सुट्टी. ती कशीबशी ‘या’ म्हणाली.

गुरुवारी दुपारी बरकत सायकलवरून खोकं घेऊन आला. केस चोपडून बसवलेले, शर्टाला कडक इस्त्री. नजमाचे अब्बा नूरमोहम्मद खाटेवर बसून त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळू लागले.

“दुकानातून आलेत,” नजमा पुटपुटली. “रोबॉट दाखवायला.”

अंगणात रोबॉट उभा राहिला. रहिमाने टाळ्या पिटल्या. पण लाल डोळे पेटले, घर्र-घर्र सुरू झाली आणि तो तिच्याकडे निघाला, तशी ती किंचाळून नजमाच्या कमरेला बिलगली.

“खाला, त्याला थांबव!”

“तूच थांबव की,” बरकत उकिडवा बसत म्हणाला. त्याने डबी तिच्यापुढे धरली. “हे दाबलं की चालतो. सोडलं की गप.”

बऱ्याच वेळाने एक लहानसं बोट पुढे आलं. दाबलं… सोडलं. रोबॉट चालला, थांबला. रहिमाने खालाकडे पाहिलं, मग बरकतकडे, आणि ती खुदकन हसली. बरकतही हसला. नजमा त्या दोघांकडे पाहत राहिली. काळजात काहीतरी गोड हललं —

तेवढ्यात दाराशी रिक्षा थांबली.

कादर! निरोपात सांगितल्यापेक्षा कितीतरी दिवस आधीच! हातात भली मोठी सूटकेस, डोळ्यांवर काळा चष्मा, अंगाला अत्तराचा वास. नजमाने रहिमाच्या खांद्यावर हात ठेवला.

रहिमाचं बोट बटणावरच राहिलं होतं; रोबॉट चालत जाऊन कादरच्या बुटावर आदळला आणि कलंडला.

“रहिमा…” कादरने चष्मा काढला. “बेटा, मी अब्बा.”

रहिमा त्याच्याकडे टकमक पाहत राहिली. मग दोन्ही हातांनी खालाची ओढणी घट्ट धरून तिच्यामागे लपली.

कादरने तिथेच बसून सूटकेस उघडली. आत दुसरा रोबॉट होता, याच्याहून मोठा, बिनतारेचा. शिवाय बाहुली, चॉकलेटं, झगमगणारे फ्रॉक. त्याने एकेक वस्तू पुढे केली. रहिमाने एकीलाही हात लावला नाही. रिकाम्या सूटकेसमध्येही कादर अजून काहीतरी शोधत होता, हे पहिल्यांदा नजमालाच दिसलं.

घरात चहा झाला. बरकत अंगणात रोबॉटची तार गुंडाळत होता. ती गुंडाळून संपतच नव्हती.

अम्मीने विषय काढलाच. “कादर, पोरीला नजमाचा लळा लागलाय. आमच्या मनात आहे, तू आणि नजमानं…”

चुलीपाशी बसलेल्या नजमाने ते ऐकलं. आता गप्प राहिलं तर सगळं ठरून जाणार. बोललं तर रहिमाला आजच घेऊन जातील. तरी ती उठली आणि दारात येऊन उभी राहिली.

“मी हा निकाह करणार नाही,” ती म्हणाली. “दुल्हाभाई, तुम्ही मला भावासारखे आहात. रहिमावर तुमचा हक्क आहे, माहीत आहे मला. पण तिला नेऊ नका… हात जोडते.”

“नजमा!” अम्मी ओरडली.

कादरने हातातला कप खाली ठेवला.

“मी पण घाबरतच आलो होतो,” तो शेवटी म्हणाला. “वाटलं होतं, धावत येऊन गळ्यात पडेल. तिनं ओळखलंच नाही. आणि नेऊन ठेवणार तरी कुठं? तिकडं एका खोलीत आम्ही दाटीवाटीनं राहतो. मिरजेला भावाकडं ठेवणार होतो… तिथंही ती परकीच.” त्याने डोळे पुसले. “राहू दे इथंच. पण उद्या तुझं लग्न झालं, नजमा, तर? दुसऱ्याची पोर कोण ठेवून घेईल?”

अम्मीने अब्बांकडे पाहिलं, अब्बांनी नजमाकडे.

“मी.”

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. उंबऱ्याशी बरकत उभा होता, काखेत रोबॉट, मुठीत तारेचा गुंता.

“म्हंजे… पोरीला,” तो अडखळला. “आन्… दोघींना बी. तुमची मर्जी असंल तर.”

“तू कोण रे?” अब्बा खाटेवरून गरजले. “रोबॉट विकायला आलास ना?”

“न्हाई चाचा. मी तर ‘घेऊ नगा’ म्हनत व्हतो.”

कादरला हसू आवरलं नाही. अब्बांनी दाढीवरून हात फिरवला, पुन्हा एकदा बरकतला न्याहाळलं आणि म्हणाले, “चाकणहून वडिलांना घेऊन ये. मग बघू.”

रोबॉटचं खोकं सायकलला बांधून बरकत निघाला. कोपऱ्यावर पोचला, तोच मागून पावलं वाजली. नजमा धापा टाकत आली होती. ओढणी घसरलेली, गाल तापलेले.

“सगळ्यांना सांगितलंत,” ती म्हणाली. “मला कुठं विचारलंत?”

त्याने मान खाली घातली. “भ्या वाटलं.”

“आत एवढ्या लोकांसमोर नाही वाटलं?”

“ते न्हाई म्हनाले असते, तर पुन्यांदा आलो असतो. तुमी न्हाई म्हनाला असता, तर…”

रस्त्यावरून सुट्टीच्या दिवसाची निवांत बस गेली. धुळीत दोघं उभी. उद्या त्याचे वडील काय म्हणतील, अम्मी किती दिवस अबोला धरेल, रहिमा याला काय म्हणून हाक मारेल… भीती काही संपली नव्हती. पण त्या भीतीत आता ती एकटी नव्हती.

“आता विचारा,” ती म्हणाली.

त्याने सायकलचं हँडल घट्ट धरलं. डोळे वर केले.

“नजमा… तू येशील?”

‘तू’! पहिल्यांदाच. तिने इकडे-तिकडे पाहिलं, आणि हँडलवरच्या त्याच्या हातावर क्षणभर आपला हात ठेवला.

“येईन,” ती म्हणाली. “आम्ही दोघी येऊ.”