कापसाची भिंत

ती गादी कुणाची होती, हे तुम्हा गावकऱ्यांना ठाऊक होतं. कुणाला तरी नक्कीच ठाऊक होतं. भर दुपारी, भर रस्त्यानं मी ती सायकलला बांधून नेली आणि एकानंही मला थांबवलं नाही. शिकलेल्या मास्तरला कोण शिकवणार, असंच ना?

तर ऐका. सत्तावन्न सालचा उन्हाळा. नागपूरहून बी.एस्सी. होऊन मी फुलचूरच्या शाळेत लागलो होतो. गावात झामसिंग पटेलांची धानाची गिरणी होती. घरच्या बायकांना गोंदियाच्या टॉकीजात जावं लागू नये म्हणून त्यांनी बोलता सिनेमा दाखवणारं लहान यंत्र विकत घेतलं आणि घरामागच्या धान्याच्या कोठीत पडदा लावला. वीस माणसं बसतील एवढीच जागा. वीज गिरणीच्या इंजिनाची.

पहिला खेळ बाळंतपणाच्या काळजीचा ठेवायचा, असा हट्ट मी धरला. त्याला कारण होतं. पटेलांची पहिली सून प्रेमिला दोन वर्षांपूर्वी बाळंतपणात अडून गेली होती. पोटातलं लेकरूही तिच्याबरोबर गेलं. दुसरी सून रुक्मा आता आठव्या महिन्यात होती, आणि गावची सुईण नंदाबाई अजूनही विळ्यानंच नाळ कापायची.

सिनेमा चालला. पण चुन्याच्या गुळगुळीत भिंतींवर प्रत्येक शब्द चारचारदा आपटला. साबण, उकळलेलं पाणी, पातं... सगळ्याचा एकच घुमारा.

"मास्तर, हे बाई बोलून राहिली का डबा वाजून राहिला जी?" नंदाबाईनं विचारलं, आणि सगळ्या बायका खो खो हसल्या.

मी चिडलो. पुढच्या रविवारच्या आत ही खोली बोलती करीनच, असं सगळ्यांसमोर सांगून बसलो. तीन भिंतींवर बांबूच्या चौकटी ठोकल्या, त्यांत धानाची तणस ठासली, वर बारदान ताणलं. घुमारा निम्मा गेला. पडद्यासमोरची मागची भिंत मात्र शब्द परत फेकतच होती. तिला कापूस हवा होता. आमचा मुलूख धानाचा; जुनी गादी मागितली तर लोक दार लावून घ्यायचे.

मग नाल्याकाठच्या पळसाखाली एक गादी दिसली. मेलेल्या माणसाचं अंथरूण गावाबाहेर टाकतात आणि त्याला पुन्हा कोणी हात लावत नाही, हे मला माहीत होतं. म्हणूनच उचलली. उन्हात तापलेल्या कापसाला कसला आलाय विटाळ? खोळ उसवली, वरचे डाग दिसू नयेत म्हणून तीच उलटी करून चौकटीवर ताणली. आतला कापूस पांढराशुभ्र होता, नुकता पिंजल्यासारखा.

बुधवारी दुपारी दार लावून मी टाळी वाजवली. टाळी हातातच मेली. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. माझ्याच कानातलं रक्त मला ऐकू येत होतं.

मग ओव्याच्या धुरीचा वास आला. बाळंतिणीच्या खोलीत येतो, तसा.

आणि मागच्या भिंतीतून कोणीतरी श्वास ओढला. लांब... दातांत पदर धरून ओढावा, तसा.

कापूस बसतोय, मी स्वतःला सांगितलं. मोठ्यानं सांगितलं. पण माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही.

कोठी आता थंड आणि शांत झाली होती, म्हणून रुक्मा दुपारची तिथंच येऊन बसू लागली. मागच्या भिंतीला टेकून. शनिवारी मी पडदा ताणत होतो, तेव्हा ती हळूच म्हणाली, "मास्तर, एक विचारू का?"

"विचारा ना, वहिनी."

"इथं बसलं का माझं लेकरू हालत नाही जी. अंगणात गेली का हालते." तिनं पोटावर हात ठेवला. "आज... अंगणातही हालून नाही राहिलं."

"कधीपासून?"

"सकाळपासून..."

मी तिला हाताला धरून बाहेर काढलं आणि नंदाबाईला बोलवायला गडी पिटाळला. मग पहार घेतली आणि मागची चौकट उपसली. आवाज ऐकून पटेलांच्या पत्नी मुन्नीबाई धावत आल्या. जमिनीवर पडलेल्या खोळीची दुसरी बाजू वर आली होती. निळे पट्टे, आणि मधोमध मोठा काळा डाग.

"हे खोळ मी शिवली होती," त्या पुटपुटल्या. "प्रेमिलाच्या बाळंतपणाले. तुम्ही कायले आणली, मास्तर? दोन पावसाळे झाले टाकून..."

दोन पावसाळे. माझ्या मुठीतला कापूस कोरडा होता. आणि कोमट.

चारही भिंती मी उघड्या केल्या. कापूस, खोळ, तणस, सगळं नाल्यापलीकडे नेऊन जाळलं. परत आलो तेव्हा रुक्माला कळा सुरू झाल्या होत्या. मी तिच्या खोलीच्या दारातूनच ओरडलो, "नंदाबाई, साबण! कोपरापर्यंत!" ती हात धुऊ लागली. पातं उकळलं गेलं. पटेल आणि मी मागच्या अंगणात उभे राहिलो. दोघांनाही एकमेकांकडे बघवत नव्हतं.

दिवेलागणीला लेकरू रडलं. खणखणीत रडलं. पटेल मटकन खाली बसले आणि त्यांनी हात जोडले. माझेही डोळे भरून आले.

दार उघडलं. नंदाबाई लेकरू घेऊन उंबऱ्यात आली. त्याचं तोंड सताड उघडं होतं, चेहरा लालबुंद, इवलासा गळा थरथरत होता. ती आमच्याकडे बघत नव्हती. आमच्या मागे, उघड्या कोठीच्या अंधाराकडे बघत होती.

"लेकरू इथं रडून राहिलं जी," ती म्हणाली, "आवाज तिकडून काऊन येऊन राहिला?"