मार, बंद, उतरा

बसा रे. तो दिवा राहू दे बंद, डोळ्यांत खुपतो.

माझ्या साडूची गोष्ट सांगतो, म्हणजे तुमच्या काकूच्या बहिणीच्या नवऱ्याची. नोकरी विमा कचेरीत, पण फोनवर चार व्हिडिओ बघून स्वतःला इंजिनाचा डॉक्टर समजायचा. गाडी धक्के मारते? प्लग काढ. तापते? पाणी ओत. मेकॅनिक म्हणजे सगळे चोर, अक्कल काय ती ह्याच्या एकट्याकडे! मला ह्या माणसाचा पहिल्यापासून तिटकारा आहे, आणि तो मी लपवतही नाही.

गाडी आमच्या सासऱ्यांची. आम्ही दोघंही त्यांना मामा म्हणायचो. साडू बॉनेटखाली डोकं घालायचा आणि मामांना किल्लीपाशी बसवायचा. बुटका माणूस, पाय पोचावेत म्हणून सीट पार पुढे ओढून बसायचे. ह्याने 'मार' म्हटलं की सेल्फ मारायचे, 'बंद' म्हटलं की बंद करायचे. आणि 'उतरा' म्हटल्याशिवाय जागचे हलायचे नाहीत. एवढ्या मोठ्या माणसाला ह्याने पोऱ्या करून ठेवलं होतं. त्याच सीटवर एका थंडीत मामा गेले. हार्टने, असं साडूने सांगितलं. आम्ही मानलं. गाडी ह्याच्याकडेच राहिली.

तर गेल्या फेब्रुवारीतला शनिवार. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्याला मुलीला परीक्षेला सोडायचं, आणि गाडी धक्के मारतेय. माणसाने टॅक्सी सांगून ठेवावी की नाही? छे! रात्री सव्वाअकराला साहेब घराखालच्या गॅरेजमध्ये. आवाजावरून शेजारी भांडतात म्हणून शटर खाली. बॅटरी उतरलेली, ती काढून वर स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलेली. ह्याने प्लग घासले, बसवले आणि सवयीने ओरडला, "मार!"

मग स्वतःशीच हसला. सीटवर होतं कोण मारायला? आणि बॅटरी तर घरात.

इंजिन सुरू झालं.

हसतोस काय रे? बॅटरी नसताना गाडी कशी सुरू होते ते तू सांग मग! गप बस.

साडू किल्ली काढायला धावला. किल्ली त्याच्याच खिशात होती. सीट रिकामी. प्लगच्या वायरी उपटल्या. इंजिन चालूच. धूर वाढला. शटर हाताला लागलं, पण वर जाईना. डोकं जड… खाली बसला…

तेव्हा त्याला आठवलं. आठवलं कसलं, विसरलाच नव्हता मेला! त्या थंडीतही शटर असंच खाली होतं. 'मार' म्हणून हा घरात गेला, पुढचा व्हिडिओ बघायला. आणि तिथेच रमला. मामा वाट बघत बसले… धुरात… कोणी 'बंद' म्हणेना.

हार्ट म्हणे!

आता एकच शब्द बोलायचा होता. पण तो बोलणं म्हणजे कबूल करणं. मरायला टेकला तरी ह्याची जीभ रेटेना. शेवटी खोकत खोकत…

"मामा… बंद."

बंद झालं.

काही आवाज नाही… शटर आपसूक सैल झालं. हा जो पळाला, तो मागे वळून न बघता. माफीचं नाव नाही. पळाला, झालं.

दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे रडून हे सगळं ओकला आणि गाडी माझ्या गळ्यात मारली. खाली उभी आहे ती, येताना बघितलीत ना? तीच. मेकॅनिकने सगळी तपासली, कुठे काही खोट नाही. मी रोज रात्री सीट मागे सरकवतो, दारं लॉक करतो, किल्ली उशाखाली घेऊन झोपतो.

त्या गाढवाने 'बंद' म्हटलं. पण 'उतरा'…

"मग तुम्ही म्हणा ना, काका."

म्हटलं रे. काल रात्रीच खाली जाऊन, दार उघडून, हात जोडून म्हटलं. 'मामा, उतरा आता.' पण त्यांना बसवलं होतं त्याने. माझं कशाला ऐकतील?

आज सकाळी सीट पार पुढे ओढलेली होती.